वहीत 'हट्ट' लिहायचं नाही : घरी सांभाळल्या जाणाऱ्या एका दादाचं प्रकरण

जूनचा दुसरा आठवडा, पाऊस नुकता लागला होता. फोनवर एक वहिनी म्हणाल्या, "सिस्टर, दादाला ओढणीनं, हाताला वळ उठणार न्हाई असं बांधायचं कसं, तेवढं दाखवून जावा. रात्रीची झोप न्हाई कुणाला." घरोघरी जाऊन रुग्णसेवा करायला लागून मला 17 वर्षं झाली, पण इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं. बहुतेक घरांत रात्री बांधतात आणि सिस्टर यायच्या आत सोडतात. इथे निदान लपवाछपवी नव्हती.

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत, तालमीला लागून असलेलं दुमजली घर. ओळख पटू नये म्हणून पेठ सांगत नाही आणि एकदोन तपशील बदलले आहेत. लिहायला आईंची परवानगी आहे. घरात त्याला सगळे दादा म्हणतात, मीही तेच म्हणते.

दादाचं वय 31. जन्मल्यावर रडायला उशीर झाला, मेंदूला प्राणवायू कमी पडला. तेव्हापासून उजवी बाजू आखडलेली, बौद्धिक अक्षमता तीव्र, आणि दुसऱ्या वर्षापासून फिट. धरलं तर चालतो. बोलणं म्हणजे पाचसहा आवाज. "दू" म्हणजे दूध, "न्ना" म्हणजे नको, "बा" म्हणजे वडील. वडील उद्यमनगरात लेथवर कामाला होते. दर रविवारी सकाळी दादाला गंगावेशीत नेऊन कट्ट्यावर म्हशीचं धारेचं दूध पाजायचे. तीन वर्षांपूर्वी ते वारले. आता दाराची कडी वाजली की जो येईल तो "बा".

घरात आई, वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ आणि वहिनी. दिवसा 12 तासांच्या पाळीला एक मामा, म्हणजे पगारी मदतनीस. पूर्वी दवाखान्यात वॉर्डबॉय होते, हात दणकट, स्वभाव शांत. रात्र आईची. आईंचं वय 62, त्यांच्या डाव्या दंडावर दातांची खूण होती. "मी दमलो वो सिस्टर," त्या म्हणाल्या. "बा हुते तवर भीत हुता. आता माझ्यानं आवरत न्हाई."

तक्रार चार महिन्यांची होती. दादा मुठीनं स्वतःच्या तोंडावर मारून घेतो, मनगट चावतो, आंघोळीला हात लावू देत नाही, रात्री दोनला उठून ओरडतो. महिन्याला एखादी येणारी फिट आता आठवड्याला दोनदा. शेजारच्यांनी बाहेरचं बघायला सांगितलं, तेही करून झालं होतं.

औषधं चार. फिटसाठी फेनिटॉइन वीसेक वर्षांपासून, जोडीला व्हाल्प्रोएट. अंगावर येतो म्हणून दोन वर्षांपूर्वी रिस्पेरिडोन सुरू झालं. त्यानं हात थरथरायला लागले म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल. प्रत्येक गोळीला ती लिहून दिली त्या दिवशी कारण होतं. चौघी मिळून त्या अंगात काय करतात, हे मात्र कुणी एकानं बसून पाहिलं नव्हतं.

पहिला आठवडा वाया

ओढणीनं बांधायचं मी त्या दिवशी शिकवलं नाही. पलंग काढून गादी जमिनीवर घालायला सांगितली, आणि मामांच्या हातात दोनशे पानी वही दिली. रोजचं लिहा म्हटलं. आठवड्यानं वही उघडली तर त्यात असं होतं : "सकाळी 9, साहेब तापले." "11, हट्ट केला." "4, उगाचच मारलं." "रात्री त्रास दिला असं काकू म्हणाल्या."

मामांना मी सांगितलं, मोबाईलवर शूटिंग केलं असतं तर जे दिसलं असतं तेवढंच लिहायचं. हट्ट शूटिंगमध्ये दिसत नाही. मूठ दिसते, गाल दिसतो, घड्याळ दिसतं. मामांनी शांतपणे पान मागं उलटलं. पहिल्या दिवशी मीच लिहिलेल्या नोंदीवर बोट ठेवलं. तिथे माझ्या अक्षरात होतं, 'लक्ष वेधून घेण्यासाठी स्वतःला मारतो.' "सिस्टर, हे दिसतं व्हय मोबाईलवर?"

नाही दिसत. 'लक्ष वेधून घेण्यासाठी' हा शिकलेल्या माणसाचा 'हट्ट' आहे, एवढाच फरक. दोन्ही नोंदी खोडल्या आणि नवीन रकाने आखले. किती वाजता. त्याआधीच्या अर्ध्या तासात काय चाललं होतं. नेमकं काय केलं, कोणत्या हातानं, कुठे, किती वेळ. मग आपण काय केलं. समोरच्या पानावर जेवण, पाणी, शी, लघवी, झोप, फिट, आणि गोळी पोटात गेली की थुंकली.

दुसऱ्या आठवड्यात स्वतःला मारल्याच्या 41 नोंदी झाल्या. निम्म्याहून अधिक जेवणानंतरच्या तासाभरातल्या. मामांनी न सांगता एक गोष्ट टिपली होती : मारायच्या आधी गुडघे पोटाशी घेतो, वरच्या ओठावर घाम येतो. कुणी लक्ष दिलं नाही म्हणून मारलं असावं, असं म्हणता येईल अशा नोंदी 41 मध्ये 3 होत्या.

'त्याला पातळ होतंय'

शीच्या रकान्यात रोज चारपाच वेळा एकच शब्द : पातळ. विचारलं तर आई म्हणाल्या, चार महिने झाले, पातळच होतंय, कपडे भरतात. त्यावर घरचे उपाय सुरू होते, केळं आणि ताकभात, आणि औषधाच्या दुकानातून आणलेली जुलाब थांबवायची गोळी. चार महिने. जुलाबाच्या माणसाचं पोट असं फुगलेलं नसतं, हे मला पहिल्याच भेटीत दिसायला हवं होतं. दादा पोटाला हात लावू देत नव्हता आणि मीही फार आग्रह धरला नव्हता.

त्या दिवशी मामांनी त्याला मांडीशी घेऊन बसवलं आणि मी हात गरम करून पोट चाचपलं. डाव्या बाजूला खाली, पीठ घट्ट मळून वळकटी करावी तसा लांबट गोळा हाताला लागला.

याला आपल्याकडे खडा धरणं म्हणतात. घट्ट झालेला मळ आतड्याच्या शेवटी अडकून बसतो आणि मागचं पाणी त्याच्या कडेनं झिरपत राहतं. बाहेरून जुलाब दिसतात, आत बद्धकोष्ठ असतं. वर जुलाब थांबवायची गोळी दिली की आतड्याची होती नव्हती ती हालचालही मंदावते. ट्रायहेक्सिफेनिडिल आतड्याला सुस्त करतं, लघवीही अडवू शकतं. हालचाल कमी, आणि पाणी त्याहून कमी, कारण पाणी पिताना त्याला ठसका लागतो म्हणून घरच्यांनी हळूहळू पाणीच आखडतं घेतलं होतं. जेवण पोटात पडलं की आतडं ढकलायला लागतं, पुढं वाट बंद. जेवणानंतरच्या त्या तासाचा अर्थ हा होता. बोलता येत असतं तर त्यानं पोट दुखतंय म्हटलं असतं आणि विषय तिथंच संपला असता.

एनिमा मी स्वतःहून दिला नाही. इतक्या दिवसांचा खडा, त्यात फिटचा रुग्ण, हे डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवं. त्यांनी तपासलं, एक्स-रे काढला, तीन दिवस दाखल करून टप्प्याटप्प्यानं पोट मोकळं केलं. तिसऱ्या दिवशीच्या नोंदीत मामांनी लिहिलं, "पोरगं हलकं झालं." हे मोबाईलवर दिसत नाही, पण मी खोडलं नाही.

घरी आल्यावरची व्यवस्था सांगते, कारण खडा परत धरायला वेळ लागत नाही. जुलाब थांबवायची गोळी बंद. मळ मऊ ठेवणारी पावडर डॉक्टरांनी ठरवलेल्या मापानं रोज, 'आज झाली ना, मग उद्या नको' असं करायचं नाही. इसबगोल नको, हे मुद्दाम बजावलं. त्याला भरपूर पाणी लागतं, आणि गिळायला त्रास असलेल्या माणसाच्या घशात तो फुगून बसू शकतो. नाश्ता झाला की वीस मिनिटांनी कमोडच्या खुर्चीवर बसवायचं, पायांखाली पाट, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतात. दहा मिनिटं, झाली तर झाली. नाश्त्याआधी उकळलेलं कोमट दूध, कारण "दू" दिसलं की तो स्वतः उठून बसतो. (धारोष्ण दुधाचा आग्रह आई अजून धरतात. त्यावर आमचं एकमत झालेलं नाही.)

गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टनी पातळ पदार्थ दाट करायला सांगितले. आईंनी नाचणीचं सत्त्व सुचवलं आणि थेरपिस्टनी प्रत्यक्ष करून घेऊन दाटपणा पसंत केला : चमचा तिरका केला तर धार सावकाश पडेल इतपत. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पोहे आणि कोरडी भाकरी बंद, भाकरी आमटीत कुस्करून. भडंग बंद करताना वहिनींचा चेहरा पडला. संध्याकाळी दोघं मिळून खायचे म्हणे.

ट्रायहेक्सिफेनिडिल आणि रिस्पेरिडोन एकदम थांबवता येत नाहीत. मनोविकारतज्ज्ञांनी दोन्ही सावकाश उतरवत नेली. जुलैच्या मध्यात आठवड्याच्या नोंदी 41 वरून 17 वर आल्या. फिटही कमी झाल्या. त्याचं कारण मला वाटतं अगदी साधं होतं : तो जेवायला लागला, त्यामुळे गोळ्या पोटात जायला लागल्या. आधीच्या पानांवर 'थुंकली' हा शब्द किती वेळा आलाय, ते मी नंतर मोजलं.

उजवा जबडा

उरलेल्या 17 मध्ये जेवणाचा संबंध नव्हता. जागा मात्र एकच, उजव्या कानाखाली. हे विचित्र होतं. दादाचा उजवा हात आखडलेला, मारतो तो डाव्या हातानं. डाव्या हाताला डावा गाल जवळ. तो मात्र हात छातीवरून ओलांडून उजवीकडे मारत होता. माणूस एवढी वाकडी वाट उगाच करत नाही.

डॉक्टरांनी तीन दिवस ठरावीक वेळी पॅरासिटामॉल देऊन बघायला सांगितलं. त्या तीन दिवसांत दादानं दोनदाच मारलं. म्हणजे दुखणं. तोंडात बघणं सोपं नव्हतं. चावेल म्हणून वर्षभरात कुणी ब्रश घातला नव्हता. शेवटी जांभई देताना मामांनी टॉर्च मारला. हिरड्या सुजून निम्म्या दातांवर चढल्या होत्या, आणि मागं एक दाढ काळी पडली होती. फेनिटॉइननं हिरड्या अशा वाढतात, तोंड अस्वच्छ राहिलं की जास्तच.

दाढ काढायला पूर्ण भूल लागणार होती, आणि तिथे सहीचा प्रश्न आला. मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, मग मूल कितीही परावलंबी असो. हे बहुतेक घरांना अशाच वेळी कळतं. बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), स्वमग्नता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. याच कायद्याखालची निरामय विमा योजना एक लाखापर्यंतच्या उपचारांसाठी आहे. या घरात दोन्हींचा पत्ता नव्हता. डॉक्टरांनी आईंच्या सहीवर पुढं जायचं ठरवलं, पण अर्ज त्याच आठवड्यात भरून घेतला. भावाला सहपालक व्हा म्हटलं तर तो म्हणाला, "बघू." त्याच्या त्या 'बघू'चा मला राग आला होता. नंतर कळलं, पालक झालं की सगळी जबाबदारी कायमची आपल्या बायकोवर पडेल, ही त्याची धास्ती होती. ती खोटी नव्हती.

भुलेची तारीख मिळेपर्यंत पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 ही धोक्याची. आमच्या वहीत एक ओळ आधीच लिहिलेली होती : 39 झालं की गोळ्या मोजायच्या, दहा दिवसांच्या नसतील तर त्याच दिवशी आणायच्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा माझ्या एका रुग्णाची फिटची गोळी संपली होती. त्यानंतर मी ही ओळ प्रत्येक घरात लिहिते. यंदा पाणी इशाऱ्यापाशी येऊन उतरलं.

दाढ ऑगस्टच्या शेवटी निघाली. त्यानंतरच्या आठवड्यात जबड्यावर मारल्याची नोंद एकही नाही.

गणपतीत ताण आला, पण तो आधी ठाऊक असल्यानं निभावला. तालमीचं मंडळ दारातच, साउंड लागला की खिडकीच्या काचा थरथरतात. विसर्जनाच्या दोन दिवस आधीच दादा, मामा आणि वही कळंब्याला मावशीकडे गेली. मंडळाच्या पोरांनी स्वतःहून मोटार आणली. ज्यांच्या आवाजाचा त्रास, तीच पोरं, आता काय म्हणायचं.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा बिघडलं. हिरड्यांमुळे मेंदूच्या डॉक्टरांनी फेनिटॉइन उतरवत लेव्हेटिरासिटाम सुरू केलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून दादा चिडचिडा झाला, मामांच्या अंगावर धावला, ताट फेकलं. घरात लगेच 'परत पहिल्यासारखं झालं' सुरू. वही वेगळं सांगत होती : जेवणाशी संबंध नाही, जागा ठरलेली नाही, स्वतःला नव्हे तर दुसऱ्याला मारतोय, आणि सुरुवात नव्या गोळीच्या तारखेनंतर. मी फोनवर पानं पाठवली. लेव्हेटिरासिटामनं काहींचा स्वभाव असा चिडका होतो, हे डॉक्टरांना नवं नव्हतं. त्यांनी ते उतरवून दुसरं औषध आणलं. वही नसती तर, मला खात्री आहे, रिस्पेरिडोन परत वाढलं असतं.

ओढणी

जिच्यासाठी मला बोलावलं, ती ओढणी. पहिल्या दिवशी मी घरच्यांना एकच गोष्ट सांगितली होती : बांधलेल्या माणसाला रात्री फिट आली आणि तो उताणा असला, तर उलटी छातीत जाते, आणि त्याला कुशीवर करायला आधी गाठ सोडावी लागते. त्या गाठीला किती वेळ लागतो ते मामांना घड्याळ लावून सोडायला लावलं. अंधारात, झोपेतून उठून, 50 सेकंद.

फिटचं पान भिंतीवर लावलं. घड्याळ बघायचं. कुशीवर करायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी. तोंडात काही घालायचं नाही, ना चमचा ना पाणी. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही (कोल्हापुरात चपलेला तोटा नाही, म्हणून हे ठळक लिहिलं). पाच मिनिटं झाली की मिडाझोलामचा नाकातला फवारा, डॉक्टरांनी लिहिलेत तेवढेच, आणि 108 ला फोन. शेजारी दादाची एक पानी माहिती : आजार, औषधं, कसं गिळतो, दुखलं की काय करतो, त्याला उचलताना काय म्हणायचं. रुग्णवाहिकेतल्या माणसाला "चल, दू" एवढं जरी ठाऊक असलं तरी झटापट टळते.

रात्रीची जागरणं पोट आणि दाढ बरी झाल्यावर निम्म्यावर आली, संपली नाहीत. वहिनींनी त्याच्या खोलीच्या दाराला घुंगरू बांधलं, म्हणजे तो उठला की वरच्या मजल्यावर कळतं. आईंच्या दंडावर परत चावा बसला तेव्हा भाऊ पहिल्यांदा खाली झोपायला आला. आता मंगळवार आणि शनिवार त्याचे. पालकत्वाच्या अर्जावर त्याची सही अजून झालेली नाही. मामा डिसेंबरात गावी गेले, परत येणार नाहीत, तिकडं त्यांना ऊसतोडीच्या मुकादमाकडं जास्त पैसे मिळतात. जायच्या आधी आठ दिवस नव्या मुलाला शेजारी बसवून त्यांनी घास कसा द्यायचा ते शिकवलं. त्या आठ दिवसांचे पैसे कुणी द्यायचे यावरून घरात कुरबूर झाली, ते भावानं दिले.

आंघोळीचं कोडं मला सुटलेलं नाही. पाणी गरम, गार, तांब्या, शॉवर, सकाळ, संध्याकाळ, सगळं करून पाहिलं. वडील घालायचे तेव्हा काय करायचे, ते आईंना आठवत नाही. सध्या ओल्या पंचानं पुसतो.

चौथी वही सुरू आहे. ओढणी धुऊन खुंटीला टांगलेली आहे. ती टाकून द्या असं मी म्हटलेलं नाही, वापरली तर लिहा एवढंच म्हटलंय. जानेवारीत ती दोनदा वापरली गेली, 9 तारखेला आणि 22 ला. दोन्ही वेळा कुणी बांधली, किती वाजता, किती वाजता सोडली, हे वहीत आहे. 22 च्या नोंदीखाली आईंनी वाकड्या अक्षरात लिहिलंय, "शी 4 दिवस न्हाई." मी उद्या सकाळी तिकडं चाललेय.